आधी अंतर सांगा

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते. चुन्याच्या रानात हजारो माणसं एकाच वेळी वाकून पांढरे खडे वेचतात, आणि तेवढ्या पायांनी उठलेली धूळ रात्रीपर्यंत खाली बसत नाही. येरमाळ्यात माझा फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा होता तेव्हापासून मी या धुळीत उभा राहून यात्रा टिपत आलो आहे. अंधार पडला, हॅलोजन लावला, की पडद्यावर दुधी रंगाच्या गोल तबकड्या तरंगायला लागतात. एखादी सावकाश वर चढते. एखादी थबकते आणि एकदम वळून निघून जाते. दोन-तीन जोडीनं जातात, जणू ठरवून.

त्या तबकड्या म्हणजे चुनखडीचे कण. ते भिंगापासून वीतभर अंतरावर असतात आणि माझा फोकस असतो पन्नास फुटांवरच्या पालखीवर. फोकसबाहेरचा ठिपका पसरतो, आणि पसरताना तो स्वतःचा आकार घेत नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या झडपेचा, म्हणजे अपर्चरचा, आकार घेतो. माझ्या एका जुन्या कॅमेऱ्याची झडप सहा पात्यांची होती, त्यात धूळ षट्कोनी दिसायची. कॅमेरा बदलला आणि त्याच रानातली तीच धूळ गोल झाली. एका मावशींनी एकदा ती कॅसेट बघून हात जोडले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसू दे की रं बाळा, धूळ बी तिच्याच रानातली हाय न्हवं." त्यांच्या श्रद्धेला माझ्या सांगण्यानं काही उणं आलं नाही. माझ्याही कामाला आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बारावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन दुकानात आला. "मामा, हे नासाचं हाय, ओरिजनल हाय. आता ह्यात काय खोटं काढता?" क्लिप मी आधी पाहिलेली होती, वाचकांपैकीही पुष्कळांनी पाहिली असेल. काळ्या आकाशात एक तिरपी पांढरी काठी आणि तिच्याभोवती पोहणाऱ्या तबकड्या, मध्ये भोक, कडेला खाच. वर मजकूर असा, की तबकड्या काठीच्या मागून जातात, काठी वीस किलोमीटर लांब आहे, म्हणजे एकेक तबकडी दोन-तीन किलोमीटरची.

क्लिप खरी आहे. २२ फेब्रुवारी १९९६ ला 'कोलंबिया' हे यान निघालं. इटलीचा एक उपग्रह लांब तारेला बांधून पतंगासारखा सोडायचा आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून ओढल्या जाणाऱ्या त्या तारेत किती वीज तयार होते ते पाहायचं, असा प्रयोग होता. २५ फेब्रुवारीला १९.७ किलोमीटर तार सुटलेली असताना आत ठिणगी पडून ती जळाली आणि तुटली. उपग्रह तारेसकट निघून गेला. काही दिवसांनी यान आणि तार पुन्हा एकमेकांच्या टप्प्यात आले, तेव्हा शंभरावर किलोमीटरवरून अंतराळवीरांनी हे चित्रण केलं.

त्या तारेची जाडी होती अडीच मिलिमीटर. शंभर किलोमीटर म्हणजे आमच्या येरमाळ्यापासून साधारण सोलापूर. सोलापुरात ताणलेली एवढीशी तार येरमाळ्यात उभं राहून कुणाला काठीएवढी जाड दिसेल का? ती उन्हात चमकत होती आणि अंधारात पाहणारा कॅमेरा त्या उजेडानं दिपला होता, म्हणून ती फुगून दिसली. आणि जिथं पडदा आधीच पूर्ण पांढरा झालाय तिथं तिच्यासमोरून काही अंधुक गेलं तर ते दिसत नाही. लग्नाच्या मंडपात पेटलेली ट्यूब फ्रेममध्ये आली, की उदबत्तीचा धूर तेवढ्या पट्ट्यात नाहीसा होतो. धूर काही ट्यूबच्या मागं गेलेला नसतो. त्या मुलाला मी उदबत्ती लावून हे दाखवलं. तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.

यानाभोवती बर्फाचे कण आणि बारीकसारीक कचरा फिरतच असतो, कारण यान जादा पाणी बाहेर सोडतं आणि ते गोठतं. सप्टेंबर १९९१ मध्ये 'डिस्कव्हरी'वरून टिपलेला एक ठिपका असाच झपकन दिशा बदलून पळताना दिसतो, आणि त्याच क्षणी यानाचं दिशा सांभाळणारं छोटं इंजिन पेटल्याची चमकही फ्रेममध्ये दिसते. त्याच्याही आधी, २० फेब्रुवारी १९६२ ला, अंतराळवीर जॉन ग्लेन यांना यानाच्या खिडकीबाहेर हजारो काजवे दिसले होते. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर वर गेले आणि त्यांनी आतून यानाच्या भिंतीवर ठोसे मारले. बाहेर काजव्यांचा थवा उठला. भिंतीवर साठलेलं हिव होतं ते. सगळ्या चर्चेत मला हा ठोसाच फार आवडतो. त्या माणसानं नुसतं मत दिलं नाही, हात उचलून बघितलं.

"मग मामा, सगळी धूळच म्हणायची का?" मुलानं विचारलं. हा प्रश्न फार मोलाचा होता.

नाही. 'सगळी धूळ' हेसुद्धा न बघता दिलेलं उत्तर आहे, आणि ज्या दिवशी मी तसं बोलायला लागेन त्या दिवशी माझ्यात आणि 'तबकडी, तबकडी' ओरडणाऱ्या चॅनेलात काही फरक उरणार नाही. इतकी वर्षं कॅमेऱ्यामागं उभं राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. एका भिंगाला अंतर कळत नाही. माणसाला दोन डोळे आहेत म्हणून जवळचं आणि लांबचं उमजतं; कॅमेरा एकडोळ्या. आणि अंतर माहीत नसेल तर वस्तू केवढी ते सांगता येत नाही, किती वेगानं जाते तेही नाही. नखाएवढा कण वीतभरावर आणि डोंगराएवढी वस्तू सोलापूरवर, फ्रेममध्ये दोन्ही सारख्याच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी अंतर सांगा, नाव मग ठेवा.

अमेरिकेच्या नौदलाच्या एका विमानातून २०१५ मध्ये टिपलेला एक ठिपका समुद्रावरून वाऱ्याच्या वेगानं पळताना दिसतो. तो कशाचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. नासानं नेमलेल्या समितीनं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात त्याचं अंतर मोजून काढलं. वस्तू समुद्रालगत नव्हतीच, सुमारे १३ हजार फुटांवर होती, आणि तिचा वेग होता ताशी ४० मैलांच्या आसपास. पळत होतं ते कॅमेरा लावलेलं विमान. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची बाभळ मागं पळते आणि डोंगरावरची पवनचक्की आपल्याबरोबर चालत येते, हे ज्यानं पाहिलंय त्याला यातलं सगळं समजेल. पण ते समजायला आकडा लागला.

आता आपल्याकडचं. २ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. मी दिवसभराच्या उद्घाटनांचं शूटिंग संपवून मिक्सिंगला बसलो होतो. पावणेआठनंतर फोनवर एकामागून एक क्लिप यायला लागल्या: खानदेश, बुलढाणा, अकोला, नागपूर. काळोखात जळत्या ठिणग्यांची रांग, एकमेकींना समांतर, सावकाश जाणारी. कुणी म्हणालं उल्कापात, कुणी विमान पडलं, कुणी क्षेपणास्त्र. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, मोकळ्या जागेवर सुमारे तीन मीटर व्यासाचं लोखंडासारखं कडं येऊन पडलं. पलीकडे पवनपारच्या बाजूला धातूचा गोळा सापडला. सुदैवानं कुणाला लागलं नाही. ते कडं चार घरं सोडून पडलं असतं तर पाडव्याच्या दिवशी काय झालं असतं, याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

मी त्या रात्री सगळ्या क्लिप एकाखाली एक टाइमलाइनवर लावल्या. त्यातली एक कुणीतरी वेग वाढवून पाठवलेली होती, ती बाजूला काढली. बाकीच्यांत ठिणग्या अर्धा मिनिट, काहींत त्याहून जास्त, दिसत होत्या. उल्का एवढी रेंगाळत नाही. ती सेकंदाला किमान अकरा किलोमीटरनं येते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत बहुधा संपते. कक्षेतून खाली येणारी वस्तू सात-आठ किलोमीटरनं, जमिनीला तिरपी घासत येते आणि तुटत तुटत जाते. म्हणजे हे माणसानं बनवलेलं काहीतरी होतं, इथपर्यंत मी आलो.

पुढं काय होतं यावर मात्र मी चुकलो. न्यूझीलंडहून त्याच संध्याकाळी, आपल्याकडच्या सव्वासहाच्या सुमारास, 'इलेक्ट्रॉन' नावाचं रॉकेट सुटलं होतं, आणि हे त्याचेच भाग असावेत असं काही जाणकारांनी लगेच सांगितलं. वेळ जुळत होती. मीही दुकानात येणाऱ्याला तेच सांगत राहिलो. पण अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दुसरी नोंद पुढं आणली: फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा एक टप्पा त्याच तासाभरात खाली यायचा होता, आणि त्याचा मार्ग मध्य प्रदेश-महाराष्ट्रावरून बरोबर जात होता. मग मला लाडबोरीच्या कड्याचं माप आठवलं. इलेक्ट्रॉनची जाडी आहे १.२ मीटर. तीन मीटरचं कडं त्याच्या अंगावर बसणार कुठं? त्या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास आहे तीन मीटर. इस्रोचे शास्त्रज्ञही नंतर सिंदेवाहीला येऊन ते अवशेष बघून गेले. दोन्ही वेळा जवळजवळ जुळत होत्या, निकाल टेपपट्टीनं लावला. मी चार दिवस चुकीचं सांगत होतो आणि टेपपट्टीचा आकडा पहिल्याच रात्री बातमीत छापलेला होता, हे मला अजून लागतं.

आपलंही दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीन हेडजवळ एक मोठी तांबूस टाकी वाहून आली. तिथंही नाना तर्क झाले. ती आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची निघाली.

घाईनं ठेवलेल्या नावाची किंमत काय असते, ते आमच्या भागानं २०२४ च्या पावसाळ्यात भोगलंय. मराठवाड्यात गावोगावी रात्री ड्रोन फिरतात, चोर त्यातून घरं हेरतात, अशी भीती पसरली. लोक काठ्या घेऊन जागत होते, बायका गच्चीवर झोपायच्या बंद झाल्या. काही ठिकाणी खरंच ड्रोन असतील, मी नाकारत नाही. पण मला दाखवलेल्या दहाबारा क्लिपांपैकी बऱ्याच क्लिपांतला 'ड्रोन' म्हणजे मोबाइलचा झूम ताणून थरथरवलेला एखादा तारा होता, दोनांत लुकलुकणारे विमानाचे दिवे, आणि एकात पवनचक्कीचा लाल दिवा. माझ्याकडं लग्नासाठीचा ड्रोन आहे हे सगळ्यांना ठाऊक. एका रात्री शेजारच्या गावातली आठदहा माणसं दुकानासमोर उभी राहिली. ओळखीची होती, तरी कुणी 'दादा' म्हणून हाक मारली नाही. मी ड्रोन बाहेर आणून त्याची उड्डाणाची नोंद उघडून दाखवली. शेवटचं उड्डाण अकरा दिवसांपूर्वीचं होतं. माणसं गेली. माझ्या बायकोनं मात्र त्यानंतर दोन महिने मला रात्रीची ऑर्डर घेऊ दिली नाही.

आणि न बघता 'काही नाही' म्हणण्याची किंमत? त्यासाठी पुन्हा त्याच 'कोलंबिया'कडं जावं लागतं. तार तुटली ते यान आणि कल्पना चावला ज्यातून गेल्या ते यान एकच. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झाल्यावर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण तपासताना तो दिसला. पांढरा धुरकट फटकारा, दोन-चार फ्रेम. एका मोक्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगाची देखभाल नीट झालेली नव्हती, त्यामुळं त्याची फिल्म फोकसबाहेर गेली होती. मी या धंद्यातला आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो. इंजिनिअरांनी यानाच्या पंखाचे फोटो कक्षेत असतानाच काढा अशी मागणी केली, एकदा नव्हे. वरच्यांनी ती पुढं जाऊ दिली नाही. फोम आधीही पडलाय, काही झालं नाही, असा त्यांचा हिशेब. त्याच दुसऱ्या दिवशी यानापासून एक वस्तू हळूहळू दूर जात होती. ती रडारच्या नोंदीत होती, पण अपघातानंतर नोंदी चाळल्या तेव्हा सापडली. बहुधा पंखाच्या कडेचाच तुकडा. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. कर्नालची ती मुलगी माझ्या दुकानात अजून भिंतीवर आहे.

म्हणजे कोलंबियाच्या एका क्लिपमध्ये काही नव्हतं आणि लोकांनी त्यात शहरं पाहिली. दुसऱ्या क्लिपमध्ये सगळं होतं आणि ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं नाही.

परग्रहावर जीव असेल का असं विचारणाऱ्याला मी वेड्यात काढत नाही. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर हा प्रश्न किती मनापासून घेत होते! त्यांच्या पुढाकारानं २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. दुसऱ्या वेळी प्रत्येक नमुन्याचे भाग केले, एक हैदराबादच्या प्रयोगशाळेला आणि एक पुण्याच्या, दोघींनी आपापलं तपासायचं. तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले, २००९ मध्ये ते जाहीर झालं. एकाला आर्यभटाचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं. तरी ते पृथ्वीबाहेरूनच आले असं ठामपणे म्हटलं गेलं नाही. दोन प्रयोगशाळा का? तर एक डोळा पुरत नाही म्हणून.

वर्तमानपत्रांना आणि चॅनेलांना माझं हात जोडून सांगणं आहे. आकाशातली क्लिप दाखवायचीच असेल तर तारीख, मिनिटासकट वेळ, गाव आणि तोंड कोणत्या दिशेला होतं ते खाली लिहा. क्लिप पूर्ण दाखवा. ज्यात उत्तर असतं ते आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे दहा सेकंदच बहुतेक वेळा कापलेले असतात. त्यावर भयाण संगीत घालू नका. वाचकांनी एवढंच करावं, की शूटिंग करताना कडेला एखादं झाड, खांब, घराचा कोपरा फ्रेममध्ये ठेवावा आणि मोबाइलचा झूम ताणू नये. मूळ फाइल पुसू नये. फॉरवर्ड केलेल्या क्लिपमधून वेळेची नोंद गळून जाते, चित्र दाबलं जातं, आणि माझ्यासारख्याच्या हाती नुसते चौकोन येतात. तो बारावीतला मुलगा आता हे सगळं वहीत लिहून ठेवतो. परवा त्यानं उपग्रहांच्या दिव्यांची माळ टिपली, दिशा आणि वेळ नोंदवून, आणि 'स्टारलिंक' हे नाव शेवटी लिहिलं. मला त्याचा अभिमान वाटला.

माझ्याकडं एक क्लिप आहे, जिच्यावर मी अजून नाव लिहिलेलं नाही. २०२३ ची यात्रा, चुना वेचल्याची रात्र, ९ वाजून १२ मिनिटं. मी आमराईच्या दाराशी उभा होतो, कॅमेरा देवीच्या डोंगराकडं, तिवईवर. डोंगराच्या उजव्या उताराच्या वर एक पांढरा ठिपका येतो, अकरा सेकंद सरळ वर चढतो, थांबतो आणि विझतो. डोंगराची कडा आणि ठिपका दोन्ही रेखीव आहेत, म्हणजे भिंगाजवळची धूळ नाही. डोंगराच्या अलीकडं होता की पलीकडं, दोनशे मीटरवर की दोनशे किलोमीटरवर, ते माझ्या एकट्याच्या कॅमेऱ्यावरून निघत नाही. त्या रात्री यात्रेत हजारो मोबाइल चालू होते. कळंबच्या रस्त्यावर, बार्शीच्या बाजूला, डोंगरावर पायऱ्यांपाशी कुणीतरी त्याच वेळी काहीतरी टिपलं असेल, निदान पोराबाळांचा फोटो काढताना मागं आभाळ आलं असेल. ज्यांच्याकडं असेल त्यांनी फॉरवर्ड करू नये. मोबाइल घेऊन येरमाळ्याला यावं. दुसरी जागा मिळाली की डोंगरावर दोन रेघा ओढून अंतर काढता येईल.